इंगळे हवालदार

इंगळे हवालदार आम्हाला कबड्डी शिकवायला आले तेव्हा पहिले आठ दिवस ते एक शब्दही बोलले नाहीत. मैदानाच्या कडेला चार विटा रचून त्यावर बसायचे. मांडीवर खाकी टोपी, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला, आणि नजर आमच्या पायांवर. तोंडाकडे पाहायचेच नाहीत. रहीम मला हळूच म्हणाला, "यार, हा आपल्याले शिकवाले आला का आपले जोडे पाह्याले?" आमच्यातल्या एकाच्याही पायात जोडे नव्हते, म्हणून सगळे हसले. हवालदार हसले नाहीत.

नांदुऱ्याला रेल्वेलाईनीच्या बाजूला कापसाचा एक जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना होता. आम्ही त्याला नुसतं 'प्रेस' म्हणायचो. महाराष्ट्र नुकताच झाला होता त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तिथं मशिनींना तेल द्यायच्या कामावर होतो, बावीस-तेवीस वर्षांचा. प्रेसच्या मागं सरकीचे ढीग पडायचे आणि ढिगांच्या पलीकडं आमचं मैदान होतं. मालकांना खेळाचा शौक होता. कामगारांची टीम त्यांनीच काढली होती आणि शिकवायला रघुजी पैलवान ठेवले होते. पैलवानांची शिकवायची रीत सोपी होती. पकड सुटली की मुस्काटात आणि चढाईत मेलास की आईवरून शिवी. आम्ही नेमानं हरायचो, हरल्यावर मारामारी करायचो आणि कुणाचं तरी डोकं बांधून घरी यायचो. एकदा भर सामन्यात पैलवानांनी पंचाच्याच कानाखाली वाजवली, तेव्हा मालक शरमले. त्याच महिन्यात फाटकावर नवे जमादार रुजू झाले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पलटणीच्या टीमला कबड्डी शिकवलेले. मालकांनी आमची टीम त्यांच्याकडे दिली.

नवव्या दिवशी ते विटांवरून उठले.

"तुम्ही कबड्डी खेळत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला राग येतो, तो काढायला तुम्ही इथं येता. राग घरी ठेवून या. मग शिकवतो."

आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू सदाशिव. गाठी बांधायच्या खात्यात होता, अंगानं आडवा, पण चढाईला निघाला की वाऱ्यासारखा. तो म्हणाला, "घरी कसा ठेवू साहेब? घरीच तं येते थो."

सगळे खो खो हसले. हवालदारांनी मात्र त्यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "बरोबर आहे. मग उद्यापासून लाईनीच्या कडेनं सिग्नलपर्यंत पळत जा आणि परत या. त्यानंतर किती उरतो ते बघू." त्या दिवसापासून दम लागेस्तोवर पळून झाल्याखेरीज आम्हाला रेघेच्या आत पाय ठेवता येईना.

त्यांच्याकडं शिट्टी नव्हती. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मैदानाच्या रेघा स्वतः बॉयलरच्या राखेनं मारायचे, रोज नव्यानं, दोरी धरून. कुणाचं चुकलं की खेळ थांबवायचे, त्याच्याजवळ जायचे आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारायचे, "का?" सुरुवातीला आम्हाला वाटलं, ही रागवायचीच एक तऱ्हा. पण तसं नव्हतं. त्यांना उत्तर हवं असायचं.

मी कोपऱ्यात खेळायचो. कोपऱ्यातल्या गड्यानं चढाईवाल्याचा घोटा धरायचा आणि बाकीचे येईस्तोवर सोडायचा नाही. मी धरायचो छान, पण समोरच्यानं लाथ झाडली की माझा हात सुटायचा.

"का सुटला?" हवालदारांनी विचारलं.

"घाम होता साहेब. निसटला."

"निसटला, का सोडलास?"

ते उभे राहिले. बाकीचे तिष्ठत थांबले. शेवटी "बरं" म्हणून ते परत विटांवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशीही तोच. मला रात्री झोप लागेना. पैलवानांची थप्पड परवडली, असं झालं. पाचव्या की सहाव्या दिवशी मी मान खाली घालून म्हणालो, "सोडला. भ्यालो. मांगं एकदा दात पडला होता."

हवालदारांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बास," ते म्हणाले. "आता शिकवता येईल."

आणि त्यांनी शिकवलं. तोंड चढाईवाल्याच्या पोटरीमागं कसं लपवायचं, वजन खांद्यावर कसं घ्यायचं, हे मातीत स्वतः आडवे होऊन दाखवलं. पन्नाशीचा माणूस, पण माझ्या लाथा खात घोटा धरून पडून राहायचा. महिन्याभरात मी घोटा सोडायचा थांबलो.

खेळ संपल्यावर आम्ही गोल करून बसायचो आणि प्रत्येकानं आपली त्या दिवसाची चूक सांगायची, असा त्यांचा नियम होता. पहिल्यांदा सगळे एकमेकांच्या सांगायला लागले. "यानं पकडाले उशीर केला." "थो मधीच घुसला." हवालदार हात वर करायचे. "त्याची तो सांगेल. तुझी सांग." ती सवय व्हायला फार वेळ लागला. रहीम रोज काहीतरी काढायचा, "माही चूक साहेब, सकाळी भजे खाल्ले." त्यावरही ते मान हलवायचे. पण हळूहळू माणसं खरं बोलायला लागली. स्वतःच्या तोंडानं चूक सांगितली की दुसऱ्यावर ओरडायचं काही उरतच नाही, हे आमच्या ध्यानात यायला लागलं. सात माणसं हात धरून साखळी करायची तेव्हा आधी आम्ही एकमेकांना ओढायचो. आता शेजारच्याचा हात कधी आवळला, कधी ढिला पडला, हे न बोलता कळायचं.

याचा परिणाम मैदानाबाहेरही झाला. एके दिवशी सदाशिवची म्हातारी आई तणतणत फाटकावर आली. "जमादार, काय केलं तुमी माह्या पोराले?" हवालदार उठून उभे राहिले. "काऊन, काय झालं मावशी?" ते पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोलले. म्हातारी म्हणाली, "बायकोच्या हातून दूध उतू गेलं तं म्हनते, माही चूक, मीच तिले हाक मारली. माहा नवरा जन्मात असा बोलला नाही. कोनी करनी-गिरनी केली का काय त्याच्यावर?" सदाशिव त्याआधी बायकोवर हात उचलायचा, हे सगळ्या आळीला माहीत होतं. हवालदार एवढंच म्हणाले, "पोरगं चांगलं आहे तुमचं." जाताना ती म्हणाली, "पोळ्याले जेवाले या."

ते गेले नाहीत. ते कुणाकडंच जेवायला जायचे नाहीत. फाटकाजवळच्या खोलीत एकटेच राहायचे आणि स्वतः रांधून खायचे. मैदानावर आमचा माठ असायचा, त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. खाकी कापड शिवलेली फौजेतली बाटली कमरेला असे, तिच्यातलंच पाणी प्यायचे. एकदा मी आजारी पडलो तेव्हा विचारपूस करायला घरी आले आणि भर उन्हात अंगणात उभं राहूनच बोलले. आईनं ओट्यावर घोंगडी टाकली, तांब्या भरून आणला. "नको बाई, पथ्य आहे," ते म्हणाले. ते गेल्यावर आई म्हणाली, "असा निर्लोभी मानूस म्या पाह्यला नाही. कोनाचं पानी बी घेत नाही." फौजेची शिस्त अशीच असते, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो.

गाव विचारलं तर ते सुलतानपूर सांगायचे, लोणारकडचं. नाव जानराव, आडनाव इंगळे. आमच्याकडं इंगळे कुणबी पुष्कळ. माझा मामाच इंगळे. त्यामुळं पुढचं कुणी काही विचारलं नाही आणि ते सांगत बसले नाहीत. प्रेसमध्ये बौद्ध गडी तीस-चाळीस तरी होते, कापूस वाहायला, गाठी चढवायला. त्यांना माहीत असणारच. पण कामाव्यतिरिक्त आम्ही त्यांच्याशी कधी बोललोच नव्हतो, तर आम्हाला कळणार कुठून?

त्या हिवाळ्यात वडनेर भोलजीला सामने होते. आजूबाजूच्या गावांच्या टीमा आल्या होत्या. आम्ही पहिला सामना जिंकलो, दुसरा जिंकलो आणि तिसऱ्या दिवशी शेवटच्या सामन्यात उतरलो. हे आमच्या टीमला आधी कधीच जमलं नव्हतं. समोरची टीम तगडी होती. मध्यंतरापर्यंत आम्ही मागं होतो. पैलवानांच्या वेळी अशा वेळेला आमची आपसात जुंपायची. त्या दिवशी आम्ही आपण होऊन गोल करून बसलो आणि एकेक जण आपली चूक सांगू लागला. हवालदार बाजूला उभे होते. त्यांनी टोपी काढून उगाच झटकली आणि परत घातली.

सदाशिवनं एका चढाईत तिघं मारले. शेवटी त्यांचा सगळ्यात उंच गडी माझ्या कोपऱ्यात आला आणि मी त्याचा घोटा धरला. त्यानं लाथ झाडली, ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. मी धरून राहिलो. मग वरून सगळे येऊन पडले आणि त्याचा दम तुटला.

लोक मैदानात घुसले. आम्ही हवालदारांना उचललं. सदाशिवच्या उजव्या खांद्यावर त्यांची एक मांडी, माझ्या डाव्या खांद्यावर दुसरी. त्यांना ते आवडत नव्हतं. "अरे सोडा, सोडा," म्हणत होते, पण हसत होते. मोठ्यानं हसताना मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं.

गर्दीतून एक म्हातारा वाट काढत पुढं आला. पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. मान वर करून, फार आनंदानं, तो ओरडला, "अरे जानराव! जय भीम, हवालदार, जय भीम!"

नागपूरच्या दीक्षेनंतरच्या सहा-सात वर्षांत त्या शब्दांचा अर्थ माहीत नाही असं कुणी राहिलं नव्हतं. आजूबाजूचा गलका चालूच होता, पण आमच्यापुरता तो थांबला. हवालदारांना ऐकू आलं नाही असं करता आलं असतं. एवढ्या गर्दीत ते सहज खपलं असतं. माझ्या खांद्यावर त्यांचं अंग ताठ झालेलं मला कळलं. मग ते वरूनच, खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम, मामा. कधी आलात?"

आम्ही त्यांना टाकलं नाही. हळूच खाली ठेवलं. पाय जमिनीला नीट टेकेस्तोवर धरून ठेवलं, मग सोडलं. सदाशिवनं कुणाचा तरी पंचा घेऊन खांदा पुसला. घामच असेल. मी त्याच्याकडं पाहिलं नाही, कारण माझाही हात माझ्या खांद्यावर गेला होता.

परत येताना प्रेसच्या ट्रकमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. जिंकलेली लाकडी ढाल मधोमध पडली होती. हवालदार नेहमी ड्रायव्हरशेजारी बसायचे. त्या दिवशी ते मागच्या फळीला टेकून, आमच्याकडं पाठ करून, रस्त्याकडं पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गावभर झालं होतं. आई मला विचारू लागली, "त्यानं आपल्या घरचं पानी पेलं होतं काय?"

"नाही."

"भांड्याले हात लावला होता? ओट्यावर बसला होता?"

"नाही. तुह्यासमोरच तं उभा होता अंगनात."

तिनं पुष्कळ आठवून पाहिलं. धुवावं, शिंपडावं असं काहीच सापडेना, तेव्हा तिला जास्तच राग आला. "एवढं सांभाळत होता मंजे त्याच्या मनात चोर होता," ती म्हणाली. मला वाटलं होतं, निदान एवढी गोष्ट तरी त्यांच्या बाजूची आहे. तीही उरली नाही.

कुणी त्यांना वाईट बोललं नाही. कुणी भांडायला गेलं नाही. फक्त एकेक जण खेळायला यायचा थांबला. एकाचं पाऊल मुरगळलं, एकाची पाळी बदलली, एकाच्या घरी पाहुणे आले. सदाशिव एक दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. माझी आई आजारी आहे, असं मी सांगितलं. रोज संध्याकाळी सरकीच्या ढिगामागून राखेच्या नव्या रेघा दिसायच्या. ते मारतच होते.

रहीम चार-पाच दिवस जात राहिला. मी त्याला विचारलं, काय करता तिथं?

"काय करनार बे? थे चढाई कसी करावं ते सांगतात, मी करतो. समोर कोनी नाही." मग चिडून म्हणाला, "मी जाऊन राह्यलो होतो ना यार! पन दोघांत कबड्डी कसी खेलाव, सांग मले. तुमी काऊन नाही येत?"

मग तोही जायचा थांबला. त्यानंतरही आठवडाभर तरी रेघा दिसत होत्या.

एकदा सकाळी पाळीवर जाताना फाटकात हवालदारांनी मला थांबवलं. "वासुदेव, आईची तब्येत कशी आहे?"

"आहे, तशीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते माझ्या बोलण्याची वाट पाहत होते, हे मला कळत होतं. घोट्याच्या वेळी उभे राहिले होते तसेच उभे राहिले. भ्यालो, एवढा एक शब्द मला म्हणता आला असता. तो माझ्या तोंडात होता. मागून दोघं-तिघं गडी येत होते, आमच्याकडं पाहत होते. भोंगा झाला.

"जा," हवालदार म्हणाले. "उशीर होईल तुला."

महिन्याभरानं मालकांनी रघुजी पैलवानांना परत बोलावलं. आम्ही सगळे खेळायला गेलो. कुणाचं पाऊल मुरगळलेलं नव्हतं आणि कुणाकडं पाहुणे नव्हते. पहिल्याच दिवशी पैलवानांनी सदाशिवला शिवी दिली, तेव्हा काही जणांना बरंच वाटलं, ओळखीचं काहीतरी परत आल्यासारखं. पुढच्या हिवाळ्यात आम्ही वडनेरला पहिलाच सामना हरलो आणि पंचांच्या अंगावर धावून गेलो. सदाशिवच्या घरातून परत रडण्याचे आवाज येऊ लागले. माझा हात पुन्हा सुटायला लागला. मी तो सोडतो, हे मला माहीत होतं, पण आता विचारणारं कुणी नव्हतं.

हवालदार कुठं गेले नाहीत. त्यांनी जावं असं आम्हाला फार वाटायचं, पण ते फाटकावरच होते. दोन हंगाम. आमच्यासाठी रोज सकाळी फाटक उघडायचे, रोज संध्याकाळी बंद करायचे. मैदानावरून पैलवानांचा आरडाओरडा फाटकापर्यंत ऐकू यायचा. मी जाताना नमस्कार करायचो. ते नमस्कार घ्यायचे आणि नजर पुढच्या माणसाकडं वळवायचे. तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर प्रेस सुरू झाली तेव्हा फाटकावर दुसराच माणूस होता. इंगळे कुठं गेले, हे मी कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुष्कळ वर्षांनी, नांदुऱ्याच्या बसस्टँडवर. प्रेस बंद पडली होती आणि मी एका तेलाच्या घाण्यावर कामाला होतो. मेहकरच्या गाडीजवळ एक म्हातारा काठी टेकून उभा होता आणि शेजारी तिशीची एक बाई, खांद्याला पर्स, हातात कागदांची फाईल. शिक्षिका असावी. मी पुढं जाऊन पुन्हा मागं आलो. मग जाऊन म्हणालो, "हवालदार साहेब."

त्यांनी मला ओळखायला वेळ लावला नाही. "वासुदेव. कोपरा," ते म्हणाले. मग मुलीकडं वळून, "हे नांदुऱ्याचे. कबड्डी खेळायचे. चांगली होती यांची टीम."

"आमाले साहेबांनीच शिकवली," मी म्हणालो.

ती चकित होऊन त्यांच्याकडं पाहू लागली. "बाबा, तुम्ही कबड्डी शिकवत होता? कधी? मला तर माहीतच नाही."

"थोडे दिवस," ते म्हणाले आणि गाडीच्या पायरीवर काठी ठेवून चढू लागले. मी हात पुढं केला, पण त्यांनी दांडा धरला होता.

ती खिडकीशी बसली, ते तिच्या पलीकडं. तिनं काच सरकवली आणि हसून मला विचारलं, "कसे शिकवायचे हो काका? रागवायचे का फार?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

तिला आणखी ऐकायचं होतं. ती थांबली होती. कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली आणि गाडी हलली. स्टँडच्या फाटकापाशी गाडी वळली तेव्हा ती त्यांच्याकडं तोंड करून काहीतरी विचारत होती, आणि ते समोर, ड्रायव्हरच्या काचेकडं पाहत बसले होते.